बिनआमिषाचा गळ

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना मासे पकडायचे नव्हते, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. पुढे जे काही घडलं, त्यात हीच गोष्ट कुणी ध्यानात घेतली नाही आणि म्हणून तर ते सगळं घडलं.

वहिनींना हवा होता एक तास. सबंध, न तुटलेला, ज्यात त्यांना कुणी काही विचारणार नाही आणि त्या कुणाला काही सांगणार नाहीत, असा. मागणी फार मोठी होती असं नाही. पण वहिनी घरी बसून एका वॉशिंग मशीन कंपनीच्या तक्रारी ऐकण्याचं काम करत. कानाला फोनचं यंत्र लावायचं आणि ज्याचं मशीन गरगरत नाही त्याचं, ज्याचं थांबत नाही त्याचं, आणि ज्याच्या मशीनने मोजे गिळले त्याचंही शांतपणे ऐकून घ्यायचं. मग म्हणायचं, "आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." हे वाक्य त्यांच्या जिभेवर इतकं बसलं होतं की एकदा दाराच्या चौकटीला कपाळ आपटलं, तेव्हा त्या चौकटीलाच तसं म्हणाल्या.

यंत्र कानावरून काढलं की ढमी असायची. ढमी म्हणजे त्यांची मुलगी, वय वर्षं तीन, आणि सध्या ती "का?" या एकाच प्रश्नावर जगत होती. ढमी झोपली की सासूबाई गॅलरीतून विचारत, "अगं, पक्कड कुठे ठेवलीस?" आणि सासूबाईंना पक्कड सापडली की न्हाणीघरातून नवऱ्याची हाक येई, "अगं, टॉवेल!" टॉवेल रोज त्याच खुंटीवर असे. नवरा लिफ्टचा सरकारी निरीक्षक होता. शहरातल्या तमाम लिफ्टांचे दोरखंड त्याला तोंडपाठ होते, पण स्वतःच्या पाठीमागची खुंटी त्याला आजवर दिसली नव्हती.

तासासाठी वहिनींनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. आधी त्या न्हाणीघरात जाऊन बसल्या. दाराच्या फटीतून प्रथम चार बोटं आली, मग एक ओलं बिस्किट आलं, मग आवाज आला, "आई, तू आत का?" मग गच्चीवर गेल्या. तिथे कपडे वाळत घालणाऱ्या बाईंनी चिमटा तोंडात धरूनच विचारलं, "भांडण झालं का?" शेवटी त्या बागेतल्या बाकावर जाऊन बसल्या. एकटी बाई बाकावर नुसती बसलेली दिसली की जगाला चैन पडत नाही. एका आजींनी पाठीवरून हात फिरवला, एकीने कुठल्याशा डॉक्टरांचा नंबर दिला, आणि एक गृहस्थ समोर उभे राहून त्यांना दीर्घ श्वास कसा घ्यावा हे स्वतः घेऊन दाखवू लागले. वहिनी उठून घरी आल्या. निदान घरी श्वास तरी आपल्या सोयीने घेता येत होता.

आणि मग तो दिवस उजाडला. ढमीला डॉक्टरांकडून घेऊन येताना बस खाडीवरच्या पुलावर अडकली. खाली धक्क्यावर काही माणसं काठ्या धरून बसली होती. हलत नव्हती, बोलत नव्हती, एकमेकांकडे पाहतही नव्हती. समोर पाणी, डोक्यावर टोपी, बस्स. इतक्यात एक वाटसरू त्यातल्या एका टोपीवाल्याजवळ गेला आणि त्याने काहीतरी विचारलं. टोपीवाल्याने मान वळवली नाही. फक्त एक बोट वर केलं. आणि वाटसरूने चक्क माफी मागितली! हात जोडून, पाऊल न वाजवता, उलट पावली निघून गेला.

माणूस तोच, बसणं तेच, चेहऱ्यावरचा भावही तोच, म्हणजे कसलाच नाही. पण हातात काठी असली की नुसतं बसणं राहत नाही, मासेमारी होते. मासेमारी करणाऱ्याला भांडण झालं का म्हणून कुणी विचारत नाही. डॉक्टरांचा नंबर देत नाही. वहिनी मनाशी म्हणाल्या, बायकांपासून जगाने हे केवढं मोठं गुपित दडवून ठेवलं होतं!

"मी दर रविवारी मासे पकडायला जाणार आहे," त्यांनी रात्रीच्या जेवणाला जाहीर केलं.

नवऱ्याचा घास हातातच राहिला. सासूबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"पण आपण मासे खात नाही," सासूबाई म्हणाल्या. हे खरं होतं. लहानपणी नवऱ्याच्या घशात काटा अडकला होता, आणि तेव्हापासून त्या घरात मासा कॅलेंडरवरच्या चित्रातसुद्धा आला नव्हता.

"पकडून सोडून द्यायचे, आई."

"मग पकडायचे कशाला? ते आधीपासून सोडलेलेच आहेत की!"

ढमीने लगेच "का?" विचारलं, पण तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

नवरा मात्र गंभीर झाला होता. कुठलीही वस्तू दोरीला टांगली की तो विषय आपल्या खात्यात येतो, अशी त्याची समजूत होती. "तंगूस किती किलोचा?" त्याने विचारलं. तंगूस म्हणजे गळाला लावतात तो नायलॉनचा दोरा. "त्याची चाचणी कोण घेतं? ताण येऊन तुटला तर? दुसरा सुरक्षा-दोर असतो का?"

"एका माशाला दोन दोर?" वहिनी म्हणाल्या.

"लिफ्टला चार असतात," नवरा म्हणाला आणि तो विषय त्याच्यापुरता मिटला.

गोष्ट जिन्याने खाली गेली. तळमजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले काका राहत. बँकवाल्या काकांनी आयुष्यात एकही मासा पकडला नव्हता, पण त्यामुळे त्यांच्या मत्स्यज्ञानाला कुठे गालबोट लागलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी ते वर आले, खुर्ची ओढली, पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि जेवणाच्या टेबलावर अख्खी खाडी काढून दाखवली.

"हा पूल. खांबांना काय चिकटतं? शिंपले. शिंपल्यांपाशी कोण येतं? मासा. तेव्हा गळ सोडायचा तो खांबाच्या सावलीत. ही दुसरी जागा, वळणाची. ओहोटीला सगळीकडचं पाणी उतरतं, पण वळणावर खोल डोह राहतो. तिथे माशांची जी दाटी होते वहिनी, विचारू नका! आणि हे खाडीचं तोंड, दगडी बांध. इथे शिसं जड लावायचं, नाहीतर तुमचा गळ निघाला समुद्रावर फिरायला. आता आमिष. कोळंबी ताजी हवी आणि शेपटीकडून ओवायची, म्हणजे ती पाण्यात पोहतेयसं वाटतं. मोठ्या माशाला चिखलातले किडे. बोय माशाला मात्र पिठाचा गोळा. बोय स्वभावाने शाकाहारी."

खाडी टेबलाच्या कडेवरून काकांच्या मांडीवर ठिबकू लागली होती. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. ऐकून घेणं हा तर त्यांचा धंदाच होता. मग त्यांनी विचारलं, "काका, सगळ्यांत कमी मासे कुठे मिळतात?"

"सगळ्यांत जास्त म्हणायचंय का तुम्हाला?"

"नाही, कमी. मुळीच नसले तर उत्तम."

काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू कुणी बँकेत येऊन सर्वांत कमी व्याज कुठे मिळेल म्हणून चौकशी केली असावी. "पलीकडच्या काठाला जुना मोडका धक्का आहे," ते नाराजीने म्हणाले. "गाळ भरलाय नुसता. तिथे मासा फिरकत नाही की माणूस फिरकत नाही."

वहिनींना मनातल्या मनात तो धक्का दिसला आणि त्यांचे डोळे पाणावले.

पण धक्क्यावर जायचं तर परवाना हवा. मत्स्य कचेरीत खिडकीमागे एक कारकून बसले होते. एक चष्मा डोळ्यांवर आणि एक कपाळावर असे दोन चष्मे त्यांनी लावले होते. वहिनींनी त्यांना मनात लगेच नाव दिलं, दोनचष्मी.

"हौशी का?" दोनचष्मींनी विचारलं. "हौस कायमची की तात्पुरती?"

"ते अजून माहीत नाही."

"तात्पुरती लिहितो. उद्देश?"

"शांतता."

"शांततेचं पोलीस बघतात. आमच्याकडे उपजीविका, संशोधन आणि करमणूक."

"मग करमणूक लिहा."

"कोणता मासा पकडणार?"

"कोणताच नाही."

दोनचष्मींनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि डोळ्यांवरच्या चष्म्यावर चढवला. "बाई, काहीतरी सांगा. छोटा, मोठा?"

"मध्यम," वहिनी म्हणाल्या.

"आमिष?"

"लावणार नाही."

"मग मासा येईल कशाला?"

"येऊ नये म्हणूनच."

खिडकीमागे बराच वेळ शांतता होती. वहिनींना वाटलं, आपला तास इथेच सुरू झाला की काय. पण दोनचष्मी हळूच म्हणाले, "रकाना रिकामा सोडता येत नाही. मी कोळंबी लिहितो. सगळे कोळंबीच लिहितात." आणि त्यांनी ते गोल, सुरेख अक्षरात लिहिलं. वहिनींनी परवाना घडी करून पर्समध्ये ठेवला. आपण सहीनिशी सरकारला कोळंबीचं वचन दिलंय हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

नवऱ्याच्या डोक्यात मात्र ते पहिल्याच वाचनात आलं. "परवान्यावर कोळंबी आहे म्हणजे कोळंबी हवी," तो म्हणाला. "उद्या तपासणी झाली तर?" तपासणी हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत पवित्र शब्द होता. त्याने बाजारातून कोळंबी आणली आणि काकांच्या सल्ल्याने जादा खबरदारी म्हणून चिखलातले जिवंत किडेही आणले. किड्यांना थंडावा लागतो. म्हणून ते ढमीच्या गुलाबी डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवले, आणि हे घरात कुणाला सांगायचं मात्र विसरला.

सासूबाईंनी डबा उघडला. पुढचा आवाज काकांनी तळमजल्यावर ऐकला आणि त्यांना वाटलं लिफ्ट कोसळली. त्या इमारतीला लिफ्ट नव्हती.

ढमी एकटी शांत होती. तिने डब्यात डोकावून पाहिलं, एक रुमाल आणला आणि किड्यांच्या अंगावर घातला. "थंडी वाजते त्यांना," ती म्हणाली. "गळाला नाही लावायचं. ते रडतील." तिने डबा पोटाशी धरला. रविवारी सकाळी वहिनी निघाल्या तेव्हा डबा ढमीच्या कुशीत होता, कोळंबीचा वास घरभर सुटल्यामुळे सासूबाईंनी तिची रवानगी केव्हाच कचऱ्यात केली होती, आणि गळ मोकळा होता. आमिष न नेण्याचं याहून सभ्य कारण वहिनींना शोधूनही मिळालं नसतं.

मोडका धक्का काकांनी सांगितल्याहूनही सुंदर होता. म्हणजे तिथे काहीच नव्हतं. ओल्या गाळावर छोटे खेकडे आपापल्या बिळापाशी उभे होते आणि वहिनी दिसताच आत गेले. त्यांनाही बोलायची इच्छा नव्हती. वहिनींनी काठी पुढे धरली, रिकामा गळ शिशासकट पाण्यात सोडला, बूच तरंगू लागलं. पाणी भरतीचं होतं. काठाशी येऊन ते दगडांत शिरायचं आणि परत जायचं. वहिनी बसून राहिल्या. हळूहळू त्यांचे खांदे खाली आले. खांदे इतके दिवस वर होते हे त्यांना तेव्हा कळलं. ढमीच्या कपाळावरचे बारीक केस आठवले, पण ढमीचा आवाज आठवला नाही, आणि त्याबद्दल त्यांना मुळीच वाईट वाटलं नाही.

आणि बूच बुडालं.

झालं होतं असं, की बोय मासे भरतीला पाण्याबाहेर उड्या मारतात. अशीच एक उडी मारताना एका भल्या थोरल्या बोयीने रिकाम्या गळावरच अंग टाकलं आणि गळ तिच्या परात अडकला. मासा सपशेल चुकून आला होता. पण काठी अशी वाकली की वहिनींनी किंकाळी फोडली, धक्क्याच्या दगडाला पाय रोवले आणि काकांनी सांगितलेलं सगळं विसरून नुसती ओढ लावली. मासा धक्क्यावर येऊन पडला आणि वहिनींकडे पाहू लागला.

"आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत," वहिनी त्याला म्हणाल्या.

किंकाळी पुलापर्यंत गेली होती. समोरच्या काठावरचे ते न हलणारे, न बोलणारे पुरुष काठ्या टाकून पुलावरून पळत आले. पुढे टोपीवाला. ज्याने एका बोटाने माणूस परतवला होता, तोच टोपीवाला आता दोन्ही हात नाचवत विचारत होता, "काय लावलं होतं? बाई, काय लावलं होतं?"

"काही नाही."

पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. "सांगायचं नसेल तर नका सांगू," एक जण दुखावून म्हणाला.

"खरंच काही नव्हतं हो! हा बघा गळ."

"चाटून नेलं असेल," दुसरा म्हणाला. "काहीतरी मऊ दिसतंय."

वहिनींनी मासा अलगद सोडवला आणि पाण्यात सोडून दिला. त्याचा तर फारच विपरीत परिणाम झाला. एवढा मासा जी बाई सोडून देते, तिच्यासाठी हा मासा म्हणजे किरकोळच असणार, असं सर्वांचं एकमत झालं. टोपीवाल्याने टोपी काढली. मग सगळे वहिनींच्या आजूबाजूला बसले. एकाने त्यांच्या काठीची लांबी वितीने मोजली, दुसऱ्याने त्या कुठल्या दिशेला तोंड करून बसतात ते पाहून घेतलं. आणि ते बोलू लागले. त्या पुरुषांच्या पोटात किती बोलणं साठलं होतं! वर्षानुवर्षं एक बोट वर करून दाबून ठेवलेलं सगळं त्या सकाळी बाहेर आलं. एकाने तर आपल्या बिघडलेल्या वॉशिंग मशीनचीही हकीकत सांगितली. ती वहिनींनी शेवटपर्यंत ऐकून घेतली, सवयीने.

त्या घरी पोहोचण्याआधी बातमी पोहोचली होती. काका जिन्यातच उभे होते. "शेवटी माझ्या सांगण्याप्रमाणे केलंत!" ते म्हणाले, आणि वहिनी तोंड उघडायच्या आत वरच्या मजल्याला हाक मारून सांगू लागले, की मोडक्या धक्क्याची जागा ही त्यांनी फार विचारपूर्वक निवडली होती.

पुढच्या रविवारी मोडक्या धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. टोपीवाला आणि मंडळी पहाटेच येऊन बसली होती. ज्याला वहिनींची जागा मिळाली होती, तो ऐटीत होता. त्याशिवाय घडीच्या खुर्चीसह काका होते, आणि काठीला सुरक्षा-दोर बांधून त्याचं दुसरं टोक वहिनींच्या कमरेला बांधणारा नवरा होता. "तुम्ही पडलात तर काठी धरून ठेवेल," त्याने सगळ्यांसमोर समजावून सांगितलं. चारचौघांत तो बायकोला अहोजाहो करी. सासूबाईही आल्या होत्या, "मुलीला जरा पाणी दिसेल" म्हणून, थर्मास आणि ढमीला घेऊन. ढमीने प्रत्येक माशाबद्दल, प्रत्येक खेकड्याबद्दल आणि टोपीवाल्याच्या टोपीबद्दल "का?" विचारून घेतलं होतं.

वहिनी कमरेला दोर बांधून मधोमध बसल्या होत्या. त्यांनी गळ टाकला की सगळे त्याच दिशेला गळ टाकत. त्या शिंकल्या की मागे कुजबुज होई, की ही काहीतरी खूण असावी. काका जमलेल्यांना कोळंबी शेपटीकडून कशी ओवावी हे सांगत होते. आणि या सगळ्या गर्दीतून वाट काढत, दोन्ही चष्मे लावून, दोनचष्मी आले. तपासणी.

नवऱ्याचा चेहरा उजळला. "या, या!" तो म्हणाला. लिफ्टच्या तपासणीला लोक आपल्याला असं कधी का म्हणत नाहीत, असा विचारही त्याच्या मनात येऊन गेला.

दोनचष्मींनी परवाना पाहिला. मग वहिनींचा गळ पाण्याबाहेर काढायला लावला आणि तो उन्हात धरून दोन्ही चष्म्यांतून पाहिला. "बाई, इथे कोळंबी लिहिलीय. गळ तर रिकामा आहे."

"म्हणजे खरंच काही लावत नव्हत्या!" टोपीवाला ओरडला. आणि मग जो गलका झाला! कुणी म्हणालं हे नवीन तंत्र आहे, कुणी म्हणालं ही फसवणूक आहे. काका म्हणाले, मी यांना कोळंबीच सांगितली होती, साक्षीदार आहेत. नवरा म्हणाला, "नियमाप्रमाणे तुम्ही निदान एक तरी कोळंबी..." ढमीने आईचा पदर ओढून विचारलं, "आई, का? आई, का? आई, का?"

वहिनी उठून उभ्या राहिल्या. दोरामुळे काठीही उठून उभी राहिली.

"मला मासा नकोय!" त्या म्हणाल्या, आणि तो आवाज तक्रार-केंद्रातला नव्हता. "पहिल्या दिवसापासून नकोय! मला एक तास हवाय. एक! ज्यात मला कुणी काही विचारणार नाही, काही सांगणार नाही, काही शिकवणार नाही. मी नुसती बसले तर तुम्ही बसू देत नाही, म्हणून ही काठी घेतली. आता काठी धरूनही बसू देत नाही तुम्ही. मी करू तरी काय?"

पाण्याचा दगडांत शिरण्याचा आवाज ऐकू आला. नवरा आपणच बांधलेल्या दोराकडे पाहू लागला. टोपीवाल्याने आपल्याच बोटाकडे पाहिलं.

दोनचष्मींनी घसा साफ केला. "भावना समजतात," ते म्हणाले, "पण परवान्याच्या अटीत बसत नाही. काठी जप्त करावी लागेल. दुसऱ्या कुणाच्या हातीही देता येणार नाही. परवाना ज्याचा, काठी त्याची." मग ते स्वतःच खजील झाल्यासारखे पुटपुटले, "एकच सवलत आहे. ज्येष्ठ नागरिकांना परवाना लागत नाही. आमिषाचीही अट नाही."

यावर काका पुढे होणार, तोच सासूबाई उठल्या.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. सासूबाईंचं वय हे त्या इमारतीतलं एकमेव असं रहस्य होतं, जे काकांनाही ठाऊक नव्हतं. विचारलं की त्या म्हणत, "अजून आहे की वेळ." कशाला वेळ, ते कुणी विचारण्याची हिंमत केली नव्हती. मुलाचं वय कुणी मोजायला लागलं की त्या विषय बदलत. केसांना त्या दर महिन्याला गुपचूप जे करत, ते दार लावून करत. आणि काका तर त्यांना अजून "ताई" म्हणत नसत, नुसतंच "अहो" म्हणत, म्हणजे बरोबरीचं वाटावं.

"मी सदुसष्ट वर्षांची आहे," सासूबाई म्हणाल्या. मोठ्याने, काकांसमोर, टोपीवाल्यासमोर, सगळ्या धक्क्यासमोर. "पुरे का? की दाखला आणू?"

काकांच्या हातातली कोळंबी खाली पडली. "सदु..." ते म्हणाले.

"सष्ट," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी सुनेच्या कमरेचा दोर सोडला, काठी आपल्या हातात घेतली आणि ढमीला मांडीवर ओढलं. "तू इथे बस. आणि आता तुझी आजी मासे पकडतेय, बोलायचं नाही." मग मुलाकडे वळल्या. "तू कोळंबी ओव. निरीक्षक आहेस ना? कर निरीक्षण." आणि सुनेकडे न बघता, पदराच्या गाठीतून घराची किल्ली काढून त्यांनी तिच्या हातात ठेवली. "तू जा."

"पण आई..."

"काय बोलायचं ते मागाहून बोल. तासभर कुणी काही विचारायचं-सांगायचं नाही, असं आत्ताच म्हणालीस ना?"

वहिनी गेल्या. मागे वळून पाहिलं तेव्हा सासूबाईंनी गळ असा फेकला होता, की तो सरळ काकांच्या खुर्चीत जाऊन अडकला होता, आणि दोनचष्मी तो सोडवायला वाकले होते.

घरात शिरल्यावर त्यांनी दार लावलं. प्रथम त्यांना फ्रीजचा आवाज ऐकू आला. फ्रीज इतका वेळ गुणगुणतो, हे त्यांना माहीत नव्हतं. मग तोही थांबला. त्यांनी चहा केला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी जमिनीवर बसून प्यायला. शेवटचा घोटही गरम होता. समोरच्या फरशीवर उन्हाचा एक तुकडा होता. तो सरकताना दिसत नव्हता, पण थोड्या वेळाने पाहिलं की सरकलेला असे. वहिनींनी काही केलं नाही. भांडी विसळली नाहीत. कपडे घडी केले नाहीत. कुणाची आठवणही काढली नाही. एकदा फोन वाजला; तो वाजू दिला आणि तो आपला आपण थांबला. ऊन फरशी ओलांडून भिंतीपर्यंत गेलं, आणि वहिनी त्याच्याबरोबर गेल्या, जागच्या जागी.

मग जिन्यात आवाज झाला. आधी ढमीचा, मग नवऱ्याचा, मग सगळ्यांचा. दार उघडताच घर पुन्हा भरलं. ढमी चिखलाने गुडघ्यापर्यंत रंगली होती आणि आईच्या गळ्यात पडून तिला एकाच दमात सगळं सांगत होती. मासा मिळाला नव्हता. आजीने दोनचष्मीकाकांचा एक चष्मा पाण्यात पाडला होता आणि गळाने तो परत काढला होता, एवढीच काय ती कमाई. नवरा दारातच उभा राहिला, बायकोकडे पाहिलं, काही विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग न्हाणीघरात गेला. आतून हाक आली नाही. बऱ्याच शोधाशोधीचे आवाज मात्र आले, आणि शेवटी टॉवेलाने तोंड पुसत तो बाहेर आला.

सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. त्यांच्या पायांना गाळ लागला होता आणि हातांना कोळंबीचा वास येत होता. त्यांनी ओट्याला टेकून हळू आवाजात विचारलं, "मिळाला का तास?"

"मिळाला."

"पुरला?"

वहिनींनी खोटं बोलायचं ठरवलं होतं. पण त्या सदुसष्ट वर्षांच्या, उन्हाने लाल झालेल्या चेहऱ्याकडे पाहून त्यांना ते जमेना. "नाही," त्या म्हणाल्या.

"नाहीच पुरत तो," सासूबाई म्हणाल्या. सुनेच्या गालाला लागलेला ढमीचा चिखल त्यांनी अंगठ्याने पुसला, मग बाहेरच्या खोलीकडे तोंड करून घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ऐकलं का रे? पुढच्या रविवारी ओहोटी उशिरा आहे म्हणे. आपल्याला घरी यायला संध्याकाळ होईल."